तारखेच्या चौकटीत कोणाला जागा?

१२ जानेवारी या एका तारखेवर महाराष्ट्रात कितीजणांचा हक्क आहे ते बघा. सिंदखेडराजाला त्या दिवशी जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी राज्यभरातून माणसं लोटतात. स्वामी विवेकानंदांची जयंती त्याच दिवशी येते आणि १९८५ पासून ती देशभर राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळली जाते. सोलापूरकर मात्र त्या सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायला जमतात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना इंग्रज सरकारने १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढवलं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता, त्या दिवसांचा सूड या चौघांवर उगवला गेला.

शाळेत परिपाठाआधी फळ्यावर दिनविशेष लिहिणाऱ्या बाईंकडे दोन-तीन ओळींची जागा असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चौकट तेवढीच, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला रकाना त्याहून लहान. त्यात तिथी, नक्षत्र, सण बसवून उरलेल्या जागेत इतिहास मावायचा असतो. म्हणजे रोज कोणीतरी निवड करतं. जिजाऊ आणि विवेकानंद लिहून झाले की फळा भरतो आणि सोलापूरचे चौघे सोलापुरातच राहतात. ही निवड कोण करतं, कशाच्या आधारावर करतं आणि ती कशी व्हायला हवी, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण बहुतेक माणसं शाळा सुटल्यावर इतिहासाचं पुस्तक पुन्हा उघडत नाहीत. त्यांच्यापर्यंत इतिहास पोहोचतो तो या चौकटीतूनच.

जयंत्या-पुण्यतिथ्यांचा पगडा

आपल्याकडच्या दिनविशेषाचा साचा ठरलेला आहे: ठळक घटना, जन्म, मृत्यू. त्यातही जन्म-मृत्यूच्या याद्या लांबलचक आणि घटना दोन-चार. शासनाचं कामही याच वळणाने चालतं. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी परिपत्रक काढतो. थोर व्यक्तींच्या कोणत्या जयंत्या आणि कोणते राष्ट्रीय दिन मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत साजरे करायचे, याची यादी त्यात असते. त्या दिवशी कचेरीत टेबलावर तसबीर मांडतात, पुष्पहार घालतात, फोटो काढतात. एखाद्या समाजाला आपल्या महापुरुषाचं नाव या यादीत यावं असं वाटतं, त्यासाठी निवेदनं दिली जातात, मोर्चे निघतात. त्यामागची भावना खोटी नाही. वर्षानुवर्षं ज्यांना कुठेच जागा नव्हती, त्यांनी सरकारी यादीत जागा मागणं हा न्यायाचाच भाग आहे.

पण जन्मतारीख हाच इतिहासाचा मुख्य धागा मानला की मोठी गफलत होते. जन्माची नोंद ठेवणं ही ज्यांच्या दाराशी जोशी येत होते, ज्यांच्या घरात जन्मपत्रिका मांडली जात होती, त्यांची सोय होती. बाकीच्यांचा जन्म दुष्काळाच्या साली, प्लेगच्या साथीत किंवा पेरणीच्या दिवसांत झालेला. आजही महाराष्ट्रात ज्येष्ठांच्या कागदपत्रांवर १ जून ही जन्मतारीख हजारोंनी सापडते. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी वय अंदाजाने धरून १ जून टाकायचे. एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस शाळेच्या सोयीने ठरला. अशा समाजात फक्त जन्मतारखांवर उभा केलेला दिनविशेष आपोआप ठरावीक घरांकडे झुकतो. स्त्रिया, भूमिहीन, भटके, आदिवासी यांची नावं त्यात येतात ती उशिरा आणि चाचपडत.

वारकऱ्यांनी हा पेच फार पूर्वी सोडवला होता. तुकोबांच्या जन्मसालाबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही, पण फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूला बीज होते यात कोणाचं दुमत नाही. आळंदीला ज्ञानेश्वरांचा समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीला होतो. माणूस कधी जन्मला यापेक्षा त्याने आयुष्याचं काय केलं आणि ते कुठे पूर्णत्वाला नेलं, हे या परंपरेने लक्षात ठेवलं.

फातिमा शेख यांच्या बाबतीत आपण नेमकं उलट केलं. सावित्रीबाईंच्या या सहकारी शिक्षिकेची जयंती म्हणून ९ जानेवारी ही तारीख गेल्या काही वर्षांत सगळीकडे पसरली. २०२२ साली गुगलनेही त्या दिवशी त्यांचं चित्र लावलं. या जन्मतारखेला त्या काळातला एकही कागद पुढे आलेला नाही. त्याची किंमत २०२५ च्या जानेवारीत मोजावी लागली, जेव्हा फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही असा दावा करण्यात आला. आता पुरावा बघा. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात जोतीरावांना लिहिलेली पत्रं आहेत. त्यातलं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र त्यांनी आजारपणात नायगावला माहेरी असताना लिहिलं. आपण पुण्यात नसल्याने कामाचा सगळा भार फातिमावर पडत असणार, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यातला आशय. एका बाईने दुसरीच्या कष्टांची घेतलेली ही दखल आहे. फातिमाबाईंसाठी चौकट हवी असेल, आणि ती हवीच, तर ती १० ऑक्टोबरला द्यावी. या तारखेचा आधार कागदावर आहे आणि ती त्यांच्या कामाची साक्ष देते.

महाडच्या तीन तारखा

एकाच घटनेशी जोडलेल्या अनेक तारखांतून कोणती निवडायची, हे शिकायचं तर महाडला जावं लागतं.

पहिली तारीख ४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर राहिले. तळ्याच्या काठाला उतरण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

दुसरी तारीख २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला आलेली माणसं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग महाडच्या रस्त्याने शिस्तीत चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं, प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं.

तिसरी तारीख १७ मार्च १९३७. मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळ्यावरचा हक्क कायद्याने पक्का झाला. म्हणजे ओंजळभर पाण्याला न्यायालयाची मान्यता मिळायला दहा वर्षं लागली.

काटेकोर कायद्याच्या नजरेने पाहिलं तर पहिली किंवा तिसरी तारीख महत्त्वाची ठरेल. पण दरवर्षी हजारो माणसं महाडला जातात ती २० मार्चला. ही निवड कोणत्याही समितीने केली नाही. ठराव दुसऱ्या कोणीतरी मंजूर केला होता, निकाल दुसऱ्या कोणीतरी दिला होता. २० मार्चला मात्र ज्यांचा हक्क होता त्यांनी तो स्वतःच्या हाताने घेतला. इतिहासातल्या एखाद्या प्रदीर्घ प्रक्रियेतून एकच दिवस उचलायचा असेल, तर माणसं स्वतः उठून उभी राहिली तो दिवस उचलावा, हा धडा महाडला जाणाऱ्यांनी घालून दिला आहे.

रजिस्टरमधली एक ओळ

तारीख जन्माला कशी येते याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर उदाहरण साताऱ्याचं आहे. तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालं. नाव भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टरचा अनुक्रमांक १९१४. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवलं आहे. त्यात भिवाच्या आधी आणि नंतर आणखी मुलांची नावं आहेत, नेहमीच्या रकान्यांत, नेहमीच्या शाईत. लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी काही विशेष घडलं असं वाटायचं कारण नव्हतं.

शंभर वर्षं ती ओळ तशीच पडून होती. साताऱ्यातल्या कार्यकर्त्यांनी तिच्याकडे लक्ष वेधलं, शाळेत प्रवेश दिन साजरा करायला सुरुवात केली, शासनाकडे पाठपुरावा केला, आणि २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. त्या दिवशी आता राज्यभरातल्या शाळांत भाषणं, निबंध, वक्तृत्व स्पर्धा होतात.

या दिवसाला मी इतकं मोल देतो याला कारण आहे. १४ एप्रिलला आपण एका महामानवाचा जन्म साजरा करतो आणि ६ डिसेंबरला त्याच्या निर्वाणाचं दुःख. ७ नोव्हेंबरला आपण शाळेच्या दारातून आत शिरणाऱ्या एका मुलाकडे पाहतो. फळ्यासमोर बसलेल्या प्रत्येक पोराला हा दिवस आपला वाटू शकतो, कारण त्याचंही नाव अशाच कुठल्यातरी रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. आणि तारखेचा पुरावा कोणालाही जाऊन बघता येतो.

छ, सुहूर, तिथी आणि तारीख

पुरावा हा शब्द उच्चारायला सोपा आहे. अठराव्या शतकातल्या मोडी पत्राच्या शेवटी तारीख कशी असते बघा. आधी ‘छ’ हे अक्षर आणि आकडा, म्हणजे त्या महिन्याचा कितवा चंद्र. मग जमादिलाखर, रज्जब असं हिजरी महिन्याचं नाव. वर्ष बहुधा आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण सुहूर सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, त्यामुळे ते अर्धं १७६० मध्ये आणि अर्धं १७६१ मध्ये पडतं. त्यात मुसलमानी दिवस सूर्यास्तापासून मोजतात, म्हणजे संध्याकाळी लिहिलेल्या पत्राची तारीख एका दिवसाने घसरू शकते. या सगळ्याचं इंग्रजी तारखेत रूपांतर करायला अभ्यासक जंत्री वापरतात. स्वामिकन्नू पिल्लई यांची कोष्टकं असोत की शिवकाळासाठीची ग. स. खरे यांची जंत्री, या कामात संशोधकांनी डोळे शिणवले म्हणून आपल्याला आयती तारीख मिळते.

इंग्रजी तारीखही एकच नव्हती. पोपच्या आज्ञेने १५८२ मध्ये ग्रेगरियन पद्धत आली आणि पोर्तुगालने ती लगेच स्वीकारली. इंग्लंडने १७५२ पर्यंत जुनीच चालू ठेवली. शिवकाळात गोव्याचे फिरंगी आणि मुंबई-सुरतेचे इंग्रज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडत असे. शिवराज्याभिषेकाला रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४ होता आणि तीच तारीख आपण पाळतो. आजच्या पद्धतीने मोजलं तर ती १६ जून भरते. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. म्हणूनच दरवर्षी रायगडावर एकदा तारखेने आणि एकदा तिथीने असा दोनदा सोहळा होतो.

शिवजयंतीचा वाद तर तीन पिढ्यांनी अनुभवला. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरलं जायचं. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, त्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारताने आणि जोधपूरला मिळालेल्या जन्मकुंडलीने तिलाच दुजोरा दिला. १९६६ साली शासनाने दत्तो वामन पोतदार, न. र. फाटक, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे अशा दिग्गजांची समिती नेमली, पण तिच्यात एकमत झालं नाही. शेवटी २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. अजूनही काहीजण तिथीने जयंती करतात. मला त्यात भांडणाचं कारण दिसत नाही. तिथी ही शिवाजी महाराजांच्या काळाची भाषा आहे आणि तारीख ही आजच्या व्यवहाराची. दोन्हीमागचा कागद एकच आहे, आणि महत्त्व त्या कागदाला आहे. कारीच्या वाड्यातली ती शकावली नसती तर आज आपण चुकीच्या वर्षी शतकोत्सव करत राहिलो असतो.

पुरावा न बघता सांगितलेल्या गोष्टी किती घट्ट बसतात याचं उदाहरण म्हणजे पानिपत. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असं आपण ऐकत आलो. संक्रांतीची तारीख मात्र शतकागणिक पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि तो दिवस १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं आधी संक्रांत आणखी अलीकडे यायची. पानिपतच्या साली ती युद्धाच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती. उपाशी फौजेने संक्रांत पाहिली, आणि मग ती लढली. हा तपशील त्या दिवसाचं दुःख कमी करत नाही, उलट त्या शेवटच्या दिवसांची उपासमार अधिक स्पष्ट करतो.

अशीच सरमिसळ ६ जानेवारीची होते. १८३२ साली त्या दिवशी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, म्हणून तो पत्रकार दिन. पण अनेक ठिकाणी तीच बाळशास्त्री जांभेकरांची जयंती समजून हार घातले जातात. एका वर्तमानपत्राचा जन्म साजरा करायला आपल्याला माणसाचा जन्म शोधावा लागतो, इतकी जयंतीची सवय जडली आहे.

एक दिवस, अनेक नावं

काही चौकटींवर दोन गावांचा, दोन भाषांचा दावा असतो. १ नोव्हेंबर हा कर्नाटकात राज्योत्सव. १९५६ साली त्या दिवशी भाषावार राज्यरचना अमलात आली. त्याच दिवशी बेळगावात मराठी माणसं काळा दिवस पाळतात, कारण त्या रचनेत त्यांचा भाग म्हैसूर राज्यात गेला. एकाच शहरातल्या एका रस्त्यावर मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर निषेध फेरी. महाराष्ट्रातल्या दिनदर्शिकेत मात्र या दिवशी बहुधा काहीच नसतं. सीमाभागाबद्दल बोलणाऱ्या आपल्याला ही रिकामी चौकट खटकायला हवी.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. मराठवाड्यात ध्वज फडकला तो देशानंतर तेरा महिन्यांनी. आपण त्याला मुक्तिसंग्राम दिन म्हणतो, कारण स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली गावोगावच्या माणसांनी सोसलेला लढा त्यामागे आहे. कर्नाटकात आणि तेलंगणात हाच दिवस वेगवेगळ्या नावांनी साजरा होतो, केंद्र सरकारने २०२२ पासून त्याला हैदराबाद मुक्ती दिन म्हटलं. जुनी माणसं अजून ‘पोलीस ॲक्शन’ हाच शब्द वापरतात. आणि त्या दिवसानंतरच्या आठवड्यांत अनेक गावांत मुसलमानांवर अत्याचार झाले, त्यांची चौकशी करायला नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. दिवस साजरा करताना हेही सांगितलं पाहिजे. तसं केल्याने मुक्तिसंग्रामाचं मोल कमी होत नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार सांगणारा तोंडी इतिहास जितका खरा, तितकाच हाही.

गोव्याने आपल्या अलीकडच्या इतिहासासाठी चार दिवस निवडले. १८ जून हा १९४६ च्या मडगावच्या सभेचा, राममनोहर लोहियांनी मनाई हुकूम मोडला त्याचा. १९ डिसेंबर हा १९६१ च्या मुक्तीचा. ३० मे हा १९८७ साली घटक राज्य झाल्याचा. आणि १६ जानेवारी हा १९६७ च्या जनमत कौलाचा, ज्याला तिथे अस्मिताय दीस म्हणतात. त्या दिवशी गोवा, दमण आणि दीवच्या मतदारांनी कौल दिला. १,७२,१९१ मतं केंद्रशासित राहण्याच्या बाजूने, १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने. महाराष्ट्रात विलीन व्हावं असं मनापासून वाटणाऱ्या गोव्यातल्या मराठीप्रेमींसाठी हा पराभवाचा दिवस होता. तरीही मी म्हणेन की ही तारीख महाराष्ट्राच्या दिनविशेषात यायला हवी. आपलं भविष्य काय असावं हे लोकांनी मतपेटीतून ठरवलं, याहून मोठी घटना लोकशाहीत कोणती? निकाल आपल्या मनासारखा लागला नाही म्हणून तारीख गाळली, तर तो दिनविशेष न राहता फक्त विजयांची यादी होईल.

दुःखाच्या तारखा

विजयांच्या यादीत आपत्तीला जागा नसते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचा भार असलेली घरं क्षणात बसली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी परिसरातल्या माणसांच्या आयुष्याचे दोन भाग आहेत, भूकंपाआधीचा आणि नंतरचा. तसंच पुण्यात जुन्या पेठांमधल्या घरांत पानशेतच्या पुराची, १२ जुलै १९६१ ची खूण आजही सांगतात. कोयनेच्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. मुंबईत २६ जुलै २००५, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर दरड कोसळली तो ३० जुलै २०१४.

या तारखा राज्यभरच्या दिनविशेषात आल्या पाहिजेत, त्या हळहळ व्यक्त करण्यासाठी नव्हे. प्रत्येकीच्या मागे बांधकामाचा, धरणाचा, डोंगराच्या पायथ्याचा, नाल्याचा प्रश्न आहे आणि तो सुटलेला नाही. ३० सप्टेंबरला शाळेत पाच मिनिटं माळवदाच्या घराबद्दल आणि भूकंपात कसं वागायचं याबद्दल बोललं गेलं, तर पुढच्या वेळी त्याने जीव वाचू शकतो.

मग निवड कशी करावी?

इतक्या तारखा पाहिल्यावर माझं म्हणणं मी स्पष्ट मांडतो. चौकटीत जागा मागणाऱ्या घटनेला आधी पुरावा विचारावा. शकावली, पत्र, रजिस्टर, ठराव, निकालपत्र, जे असेल ते. पुरावा नसेल तर माणूस गाळू नये, त्याच्याशी जोडलेली पुरावा असलेली दुसरी तारीख शोधावी. त्यानंतर विचारावं, त्या दिवशी कोणी काय केलं? ज्या दिवशी माणसांनी स्वतः काही ठरवलं, सोसलं, मागितलं किंवा बदललं, तो दिवस नुसत्या जन्मापेक्षा वर ठेवावा. आणि शेवटी, हा दिवस कोणी पाळतं का? लोकांनी पाळलेला दिवस सरकारी शिक्क्याची वाट बघत नाही. दीक्षाभूमीवर विजयादशमीलाही गर्दी लोटते आणि १४ ऑक्टोबरलाही. १९५६ साली दोन्ही एकाच दिवशी आले होते, त्यानंतर पंचांग आणि इंग्रजी महिना आपापल्या वाटेने गेले. लोकांनी दोन्ही धरून ठेवले, कोणाला परवानगी विचारली नाही.

या तीन प्रश्नांत कोणतीही जात, धर्म, पक्ष किंवा भाषा आडवी येत नाही. ते जिजाऊंनाही लागू आहेत आणि सोलापूरच्या चौघांनाही. एका चौकटीत दोघांनाही जागा देता येते. त्यासाठी फक्त नेहमीच्या यादीतून नकलून घ्यायचं थांबवावं लागेल.

सुरुवात गावापासून करता येते. प्रत्येक शाळेत जुनं जनरल रजिस्टर असतं. त्यात गावातली पहिली मुलगी कोणत्या तारखेला शाळेत आली ते सापडेल. ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात सार्वजनिक विहीर सगळ्यांना खुली करण्याचा ठराव असू शकतो. सहकारी सोसायटीच्या दप्तरात पहिल्या सभेची तारीख असते, शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाच्या इतिवृत्तात त्याच्या स्थापनेची. सातवी-आठवीच्या मुलांनी वर्षभर हे कागद चाळले, गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलले, तर प्रत्येक गावाचा स्वतःचा दिनविशेष तयार होईल, आणि प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली हे लिहिता येईल. तो फळ्यावर लिहिताना त्या पोरांना हेही उमगेल की इतिहास किल्ल्यांवर आणि दिल्लीत घडतो तसा आपल्या पाणवठ्यावरही घडतो.

वर्षाचे दिवस सगळ्यांच्या वाट्याला सारखेच आलेले आहेत. ते कशाने भरायचे हे ठरवण्याचं काम आपण शासनाच्या परिपत्रकावर आणि दिनदर्शिका छापणाऱ्यांवर सोपवून मोकळे झालो. ते परत हातात घ्यायला लागतो तो थोडा वेळ, जुन्या कागदांबद्दल थोडा आदर आणि आपल्या बाजूच्या नसलेल्या माणसाच्या दिवसालाही जागा देण्याची तयारी.